लेड नायट्रेट की लेड ॲसिटेट? इंडेंट भरण्याआधी

जून उजाडला की ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये रसायनांच्या इंडेंटची, म्हणजे मागणीपत्रकाची, घाई सुरू होते. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवायची आणि आकडे उतरवत जायचं. त्या यादीत शिशाचे क्षार बहुतेक ठिकाणी दोन असतात, लेड नायट्रेट आणि लेड ॲसिटेट. कपाटात मात्र दोन्हींच्या पाच-पाचशे ग्रॅमच्या बाटल्या वर्षानुवर्षं अर्ध्या भरलेल्या दिसतात. दोन्ही हवेतच का, आणि एकच घ्यायचं तर कोणतं, एवढाच प्रश्न आहे.

आधी मिळते-जुळते मुद्दे. शिशाचे बहुतेक क्षार पाण्यात विरघळत नाहीत. सल्फेट, कार्बोनेट, क्रोमेट, सल्फाइड सगळे तळाशी बसतात, क्लोराइड तेवढं गरम पाण्यात जातं. सहज विरघळणारे आणि बाजारात सहज मिळणारे हे दोनच, म्हणून द्रावण करायचं तर यांतलंच एक लागतं. दोन्ही पांढरे, स्फटिकी आणि दोन्ही विषारी. नायट्रेटमध्ये वजनाने जवळजवळ 63 टक्के शिसं असतं, ॲसिटेटमध्ये (तीन रेणू स्फटिकजलासह) साधारण 55 टक्के. या फरकावरून ‘हे कमी घातक’ असं कुणी ठरवू नये.

फरक सुरू होतो बाटली उघडल्यावर. नायट्रेटचे स्फटिक कोरडे, जड आणि खणखणीत. दहा वर्षांची बाटलीही उघडली तर तशीच. ॲसिटेटला व्हिनेगरचा मंद वास असतो. झाकण सैल राहिलं की त्यातलं पाणी उडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, स्फटिकांवर पिठासारखा थर चढतो आणि चमचा घातला की तोच पसरतो. शिशाच्या बाबतीत मला सगळ्यात नको असते ती ही धूळ. अशा जुन्या बाटलीतलं द्रावण दुधट होतं. ॲसेटिक आम्लाचे चार थेंब टाकले की निवळतं, पण हे माहीत नसलेला विद्यार्थी गोंधळतो.

तापवल्यावर तर दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. परीक्षानळीत नायट्रेट तडतडतं, मग तपकिरी धूर निघतो आणि तळाशी पिवळसर लेड ऑक्साइड उरतं. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हाच प्रयोग आहे. दिसायला झकास, पण तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा फुप्फुसांवरचा त्रास कधीकधी काही तासांनी जाणवतो. फ्यूम हूड (धूर बाहेर खेचणारं बंदिस्त कपाट) नसेल तर हा प्रयोग वर्गात करू नका, खिडकी उघडी ठेवून भागत नाही. ॲसिटेट मात्र 75 अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं आणि जास्त तापवलं तर ॲसिटोनची वाफ देतं, म्हणजे बर्नरशेजारी पेट घेणारी वाफ.

पिवळ्या अवक्षेपासाठी (द्रावणातून सुटणाऱ्या गाळासाठी), म्हणजे लेड आयोडाइडसाठी, माझं मत नायट्रेटला. एक गंमत आहे. लेड नायट्रेटचं रेणुवजन 331 आणि पोटॅशियम आयोडाइडच्या दोन रेणूंचं 332, त्यामुळे दोन्ही समान वजनाने घेतली की हिशेब जुळतो. दोन्ही 0.2 ग्रॅम घेऊन एकूण 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकत्र केली आणि नव्वद अंशांपर्यंत गरम केली की सगळं विरघळून रंगहीन द्रावण मिळतं. थंड होऊ लागलं की सोनेरी पत्र्या चमकत खाली उतरतात. नळाचं पाणी वापरलंत तर त्यातल्या क्लोराइड-सल्फेटमुळे आधीच गढूळ होईल. आयोडाइड मुठीने टाकलंत तर अवक्षेप त्यातच विरघळू लागतो.

ॲसिटेटचा हक्काचा उपयोग सल्फाइडच्या परीक्षेचा. द्रावणात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी हायड्रोजन सल्फाइड लागताच काळी पडते. केस हळूहळू काळे करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रंगांमागे हीच अभिक्रिया होती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये त्या रंगांतल्या लेड ॲसिटेटची परवानगी काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये पोल (रसातल्या साखरेचं प्रमाण) काढण्याआधी उसाचा रस नितळ करायला वापरतात तेही याचंच भावंड, बेसिक लेड ॲसिटेट. ते काम नायट्रेटला जमत नाही. पण काळ्या पट्टीसाठी नायट्रेटचं द्रावणही चालतं, आणि तयार पट्ट्या विकत मिळतात.

दोन्ही लॅबमध्येच बनवावीत का? बनवता येतात. शिशाचे तुकडे विरल नायट्रिक आम्लात टाकले की नायट्रेट होतं (तीव्र आम्लात नायट्रेटचाच थर धातूवर बसून अभिक्रिया मंदावते), आणि मुरदाडशिंग (लेड ऑक्साइड) ॲसेटिक आम्लात गरम केलं की ॲसिटेट. एकात तपकिरी धूर, दुसऱ्यात मुरदाडशिंगाची भुकटी. विकतच घ्या.

ॲसिटेटला मी नाही म्हणतो त्याचं खरं कारण वेगळं आहे. ते चवीला गोड असतं, ‘शिशाची साखर’ हे नाव त्यावरूनच पडलं. आणि बारावीत असताना आम्ही ॲसिटेटची परीक्षा कशी केली? चिमूटभर क्षार आणि ऑक्झॅलिक ॲसिड तळहातावर घ्यायचं, पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळायचं आणि नाकाशी न्यायचं. व्हिनेगरचा वास आला की वहीत ‘ॲसिटेट प्रेझेंट’. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला क्षार लेड ॲसिटेट होता. हात नळाखाली नुसते ओले केले आणि मधल्या सुट्टीत डबा खाल्ला. धडधाकट कातडीतून असेंद्रिय शिसं फारसं आत जात नाही, पण बोटांवरून तोंडात जातं. शिशाची सुरक्षित मानता येईल अशी रक्तातली पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं, तेव्हा लॅबमध्ये कुणी मॅडम गरोदर असतील तर या बाटल्यांचं काम दुसऱ्याकडे द्या.

म्हणून नायट्रेटची 100 ग्रॅमची एकच बाटली आणि सल्फाइडसाठी तयार पट्ट्या, एवढंच मागवा. 100 ग्रॅममध्ये वरचा सोनेरी प्रयोग पाचशे वेळा होतो. नायट्रेट ऑक्सिडायझर आहे, म्हणजे दुसऱ्या वस्तूंची आग भडकवतं, तेव्हा लाकडी भुसा, कागद आणि स्पिरिटपासून लांब ठेवा. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये (अनोळखी क्षार ओळखण्याच्या प्रयोगात) प्रत्येक बॅचला शिसं हातात द्यायचं की एकदाच शिक्षकांनी करून दाखवायचं, हे तुमच्या हातात असेल तर दुसरं निवडा.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ओततात. सल्फेट करून गाळलं की झालं, असंही समजतात. पण लेड सल्फेट लिटरमागे चाळीसेक मिलिग्रॅम विरघळतं आणि पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. धुण्याचा सोडा टाकून कार्बोनेट केलंत तर त्याहून कितीतरी कमी विरघळतं. तो गाळ लेबल लावलेल्या डब्यात साठवा आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. आमच्याकडचा डबा सात वर्षांत अर्धासुद्धा भरलेला नाही.