धंदा करायचा नाही, तरी गेले

रावेर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरी सोडायची नाही, दुकान टाकायचं नाही. तरी जळगावच्या दोन दिवसांच्या उद्योजकता शिबिराला गेले. पहिला दिवस नुसत्या भाषणांत गेला, फी पाण्यात गेली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी 2001 मध्ये मांडलेला विचार शिकवला: नफ्याचा अंदाज बांधत बसण्याआधी किती तोटा झेपेल ते ठरवा, हाताशी आहे त्यातून सुरुवात करा.

शाळेच्या बागेसाठी आम्ही तीन वर्षं निधीची वाट पाहत होतो! परतल्यावर पालकांकडून केळीचे 12 मुनवे मागितले, हात धुण्याचं पाणी तिकडे वळवलं. खर्च 150 रुपये. नऊ जगले. पाचवीची मुलं आता पाण्याचा, शेणखताचा हिशोब वहीत लिहितात. शिक्षकांनी जावंच.