कंबरेवर मोटर, दुखणं गुडघ्यात: एक्सोस्केलेटन घेण्याआधी

कंबरेला पट्टा, दोन्ही खुब्यांशी एकेक मोटर, मांड्यांना आवळलेल्या पट्ट्या, आणि माणूस झपाझप पायऱ्या चढतोय. अंगावर बांधायच्या, मोटरने चालायला मदत करणाऱ्या या यंत्राला एक्सोस्केलेटन म्हणतात आणि त्याचे असले व्हिडिओ हल्ली ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर सारखे येतात. ते बघून दोन प्रकारची माणसं चौकशी करतात. एक म्हणजे पन्नाशीला आलेला, अजून गड सोडवत नसलेला ट्रेकर. दुसरी म्हणजे आईचं किंवा वडिलांचं चालणं कमी झालं म्हणून काळजीत पडलेली मुलं. दोघांनाही मी आधी एकच विचारतो: चढताना दम लागतो, की उतरताना दुखतं?

दमच लागत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. (आणि दम नुकताच, एकाएकी लागायला लागला असेल तर आधी डॉक्टर.) उतरताना गुडघा दुखत असेल, तर व्हिडिओतलं ते यंत्र बहुधा तुमच्यासाठी नाही.

कारण साधं आहे. बाजारात सहज दिसणारी हौशी एक्सोस्केलेटन खुब्यापाशी काम करतात. सेन्सर मांडीचा कोन वाचतात, पाऊल आता कुठे आहे याचा अंदाज बांधतात, आणि मोटर मांडीला वर उचलायला किंवा मागे रेटायला मदत करते. चढावर हे जाणवतं, कारण तिथे हेच स्नायू थकतात. उतारावर मात्र गोष्ट वेगळी. तिथे मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा ताणून धरलेला असतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. काही मॉडेलांत उतारासाठी वेगळा मोड असतो, त्यात मोटर खुब्याला थोडं अडवून धरते. पण अंगाचं वजन गुडघ्यातूनच खाली जातं.

चढणाऱ्यांसाठी: हायपरशेल आणि डीएनसिस

या गटात दोन चिनी नावं पुढे आहेत. हायपरशेलची एक्स मालिका २०२५ च्या सुरुवातीपासून बाजारात आली. त्यात गो, प्रो, कार्बन आणि नंतर आलेलं अल्ट्रा अशा पायऱ्या आहेत, अमेरिकेतल्या किमती साधारण ९०० ते २,००० डॉलर. प्रोचं वजन बॅटरी सोडून दोन किलोच्या आसपास. डीएनसिसचं एक्स-१ हे २०२४ मध्ये क्राउडफंडिंगमधून, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून, आलं. वजन साधारण १.६ किलो. हातात घेतल्यावर हा फरक जाणवतो, अंगावर चढवल्यावर फारसा नाही, कारण दोन्हींचं वजन कंबरेवर बसतं. माझ्या मते या दोघांत निवड वजनावर करू नये आणि वॅटवर तर मुळीच नाही.

वॅटचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जाहिरातीतला सगळ्यात ठळक आकडा तोच असतो. हायपरशेल प्रोवर ८०० वॅट लिहिलेलं असतं, डीएनसिसवर ९००. आता प्रोची बॅटरी आहे ७२ वॅट-तासांची, म्हणजे ७२ वॅट तासभर पुरवेल इतकी. मोटर खरोखरच सलग ८०० वॅट ओढत राहिली, तर ही बॅटरी साडेपाच मिनिटांत संपेल. कंपनी मात्र एका बॅटरीवर १७.५ किलोमीटर सांगते. रमतगमत चाललात तर हे चार तासांचं अंतर. भागाकार केला की सरासरी येते १८ वॅट. ८०० हा क्षणभराच्या जोराचा आकडा आहे. दिवसभराच्या साथीला त्यावरून काहीच कळत नाही.

दुसरं गणित चढाईचं. ७० किलोचा माणूस ६०० मीटर वर न्यायचा तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ११४ वॅट-तास लागतात. बॅटरीत आहेत ७२, आणि मोटर-गिअरमधून पायापर्यंत पोचेस्तोवर त्यातले आणखी गळतात. म्हणजे बॅटरी पार रिकामी केली तरी चढाईचा बराचसा भाग तुमच्याच पायांनी ओढायचा आहे. मदत होते, चांगली जाणवण्याइतकी होते. पण ज्याला आज दोनशे मीटरही चढवत नाही, त्याला हे यंत्र कळसूबाईवर नेणार नाही.

मग या दोघांत निवडायचं कसं? कंबरेच्या मापावर आणि सुट्या बॅटरीवर. पट्टा खुब्याच्या सांध्याच्या रेषेत बसला नाही, तर मोटरचा जोर मांडीऐवजी कातडीला मिळतो आणि तासाभरात सोलवटतं. दुसरी बॅटरी सोबत येते की वेगळी घ्यावी लागते, हेही बघा. हायपरशेलच्या कार्बनमध्ये दोन येतात, प्रोमध्ये एक. शिवाय क्राउडफंडिंगमधून घेताना आपण दुकानातून वस्तू घेत नसतो, तयार होऊ घातलेल्या वस्तूला आगाऊ पैसे देत असतो. ज्याला हे चालतं त्याने खुशाल घ्यावं.

सह्याद्रीत चालेल का?

चीनमधल्या ताइशान पर्वतावर २०२५ च्या वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीत पर्यटकांना अशी यंत्रं भाड्याने दिली गेली. वजन १.८ किलो, भाडं ६० ते ८० युआन. ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली वाटते: हजारो दगडी पायऱ्या, सारख्या उंचीच्या, एका लयीत चढायच्या. यंत्राला लय मिळाली की पुढच्या पावलाचा अंदाज अचूक येतो.

आपल्याकडे अशी जागा म्हणजे गिरनार. दत्ताच्या पादुकांना जाणारे मराठी भाविक तिथे वर्षभर असतात. २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे, पण पुढच्या पायऱ्या चुकत नाहीत. जेजुरी किंवा पुण्याची पर्वती हीही त्याच जातीची. अशा ठिकाणी खुब्याची मोटर आपलं काम नीट करेल.

गडाची वाट मात्र तशी नसते. एक पाऊल घसाऱ्यावर, पुढचं गुडघाभर उंच दगडावर, मग कातळात कोरलेल्या खोबणी, मग लोखंडी शिडी. लय मोडली की यंत्राचा अंदाजही चुकतो, आणि तुम्ही थबकायला बघता तेव्हा मांडीला पुढे रेटा बसू शकतो. सपाटीवर हे हसण्यावारी जातं, अरुंद पायवाटेवर नाही. कातळटप्पा आला की मोटर बंद, हा नियमच करावा. चिंचोळ्या घळीतून जाताना बाजूचे दांडे खडकाला घासतील. आणि पाठपिशवीचा कंबरपट्टा कुठे बांधणार? त्याच जागेवर यंत्राचा पट्टा असतो.

पावसाचं वेगळं सांगतो. हायपरशेलला आयपी-५४ दर्जा आहे. त्याचा अर्थ धूळ आणि शिंतोडे चालतील. जुलैमधला घाटमाथ्यावरचा पाऊस शिंतोड्यांत मोडत नाही. आपला ट्रेकचा हंगामच पावसाळा असेल, तर लाखाची वस्तू तीन-चार महिने कपाटात राहील हे धरूनच चाला.

उतरताना दुखणाऱ्यांसाठी

गुडघ्यावर काम करणारी यंत्रं वेगळी, आणि ती अजून बाल्यावस्थेत आहेत. कॅनडाच्या आर्कटेरिक्सने स्किप या कंपनीबरोबर २०२४ मध्ये मो-गो नावाची मोटरवाली पँट जाहीर केली, आगाऊ नोंदणीची किंमत ४,५०० डॉलर. डीएनसिसनेही २०२५ मध्ये झेड-१ हे गुडघ्याचं यंत्र क्राउडफंडिंगला आणलं. कल्पना बरोबर जागी बोट ठेवते: चढताना गुडघा सरळ व्हायला मदत, उतरताना वाकताना आधार. पण पहिल्या पिढीची वस्तू, दूर देशातून, दुखऱ्या सांध्यावर लावायला मी तरी आज घेणार नाही. वॉकिंग पोलची चांगली जोडी काही हजारांत येते, उतारावर गुडघ्यावरचा भार कमी करते आणि चार्ज करावी लागत नाही. त्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. हे सल्ले कंटाळवाणे आहेत हे मान्य.

आई-वडिलांसाठी

इथे मी जरा कडक आहे. वर आलेलं एकही यंत्र तोल सावरत नाही. खुब्यावरच्या दोन मोटरी पडणाऱ्या माणसाला धरू शकत नाहीत; उलट चुकीच्या क्षणी दिलेला रेटा पाडू शकतो. वडील आधाराशिवाय उभे राहताना डगमगत असतील, पार्किन्सन असेल, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल, तर ट्रेकिंगचं यंत्र ऑनलाइन मागवून घरच्या घरी बांधू नका.

वयस्कर माणसांना नजरेसमोर ठेवून केलेली यंत्रं आहेत. दक्षिण कोरियाच्या डब्ल्यूआय रोबोटिक्सचं विम हे त्यातलं एक. कंपनी सॅमसंगमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांची, यंत्र १.६ किलोचं, एकाच मोटरवर चालणारं, घडी होणारं. त्यात मदतीबरोबर विरोध देऊन व्यायाम करवण्याचीही सोय आहे, आणि ज्याचे पाय सुस्तावले आहेत त्याला ती जास्त उपयोगी पडावी. होंडाने त्याआधीच, २०१५ पासून, जपानमधल्या रुग्णालयांना २.७ किलोचं चालण्याचं साहाय्यक यंत्र भाडेकराराने द्यायला सुरुवात केली होती. तिथे ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचं असतं, ही गोष्ट मला मॉडेलच्या नावापेक्षा महत्त्वाची वाटते.

एक घरगुती अडचण कुठल्याच माहितीपत्रकात नसते. मांडीच्या पट्ट्या साडीवर बांधता येत नाहीत. आई सलवार किंवा पँट घालायला तयार आहे का, ते आधी विचारा. बक्कल तिच्या बोटांना लावता-काढता येतं का, तेही बघा. दर वेळी सुनेला हाक मारावी लागली तर आठवड्याभरात यंत्र कोपऱ्यात जाईल.

पाय चालतच नसतील तर

मणक्याच्या दुखापतीनंतर पायांतली ताकद गेलेल्यांसाठीची यंत्रं हे पूर्ण निराळं दालन आहे. त्यातल्या रीवॉक या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये घरी वापरण्याची परवानगी दिली. खुबे आणि गुडघे दोन्हींना मोटर. पण कुबड्या लागतातच, म्हणून खांदे-हात मजबूत हवेत. हाडांची घनता तपासावी लागते. सोबत शिकवलेलं माणूस लागतं. किंमत ९० हजार डॉलरच्या घरात. जपानच्या सायबरडाइन कंपनीचं ‘हाल’ (एचएएल) नावाचं यंत्र त्वचेवरच्या इलेक्ट्रोडमधून स्नायूंकडे जाणारे क्षीण संकेत पकडतं, म्हणजे थोडे तरी संकेत शिल्लक असावे लागतात. ते मुख्यतः उपचारकेंद्रात वापरतात.

आपल्या देशातही काम चाललं आहे. बेंगळुरूच्या जेनइलेक आणि बायोनिक यंत्र या कंपन्या पुनर्वसनासाठी एक्सोस्केलेटन करतात. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर हे यंत्र रुग्णालयांत चालण्याचं प्रशिक्षण द्यायला वापरतात. या गटातल्या कुटुंबांना माझा सल्ला: यंत्र विकत घेण्याचा विचार बाजूला ठेवा आणि ज्या केंद्रात ते आहे तिथे सत्रं घ्या.

याला दुरुस्तीचंही कारण आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत रीवॉकच्या एका वापरकर्त्याचं यंत्र नियंत्रकातल्या एका क्षुल्लक तारेपायी बंद पडलं आणि पाच वर्षांहून जुनं म्हणून कंपनीने दुरुस्ती नाकारली. गाजावाजा झाल्यावर ते दुरुस्त झालं. अमेरिकेतल्या ग्राहकाची ही गत, तर परदेशातून मागवलेल्या यंत्राची मोटर नगरला किंवा साताऱ्याला बिघडली तर ते कुठे पाठवायचं, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. हौशी यंत्रांनाही हे तितकंच लागू. शिपिंग आणि सीमाशुल्क धरून किंमत लाखाच्या पुढे सहज जाते. परदेशी नातेवाइकाबरोबर मागवणार असाल तर सुटी बॅटरी विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांच्या आतली सहसा अडत नाही.

आणि शक्यतो आधी अंगावर घालून बघा. सपाट फरशीवर दहा पावलं टाकून कोणालाही हे आवडतं. म्हणून दोन मजले जिना उतरा. मधेच थबका, गर्रकन वळा, खुर्चीत बसून उठा. शेवटी मोटर बंद करून तोच जिना पुन्हा चढा. बॅटरी अर्ध्या वाटेत संपली की यंत्र असंच अंगावर वागवत परतावं लागेल.