पेपर स्प्रे चांगला आहे, पण दवाखान्याच्या गेटच्या आत येत नाही

नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. सेकंड शिफ्ट कागदावर नऊला संपते. हँडओव्हर देऊन गाडी काढेपर्यंत दहा वाजतात. मेडिकल चौक, तुकडोजी पुतळा, मानेवाडा चौकापर्यंत रहदारी असते. रिंग रोड ओलांडून बेसाकडे वळलं की दुकानांची शटरं पडलेली आणि रस्ता रिकामा. एवढ्या पट्ट्यासाठी मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, पेपर स्प्रे घेतला. वॉर्डातल्या मुली कोणता घ्यावा, उपयोग होतो का, असं विचारत असतात, म्हणून सगळं लिहिते.

तीनशे रुपयांच्या आत मिळाला. मी फवाऱ्याचा न घेता धारेचा घेतला. फवारा पसरतो, त्यामुळे फारसा नेम धरावा लागत नाही. पण गाडीवर बसलेल्या बाईच्या तोंडावर वारा असतो आणि तोच फवारा उलटा तिच्याच डोळ्यांत येऊ शकतो. धारेला नेम लागतो, मात्र वाऱ्याने ती फारशी हलत नाही. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर पुठ्ठा उभा करून मारून पाहिला. डबीवर दहा फूट लिहिलंय, मला सहा-सात फुटांचा भरवसा वाटला, आणि तेवढा पुरतो. माझी बहीण जिन्यात उभी होती. घरात भिवापुरी मिरची कुटायला घेतली की लागतो, तसा ठसका तिला तिथे लागला.

आत मिरचीचाच अर्क असतो. तो तेलात विरघळणारा, म्हणून नुसत्या पाण्याने लवकर जात नाही. अंगावर उडाला तर चोळायचं नाही, साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यांत गेला की माणसाला साधारण अर्धा-पाऊण तास डोळे उघडणं कठीण जातं, खोकला थांबत नाही, पण सहसा कायमची इजा होत नाही. निघून जायला आपल्याला तेवढा वेळ बास आहे. टोपी अंगठ्याने बाजूला सरकते. स्टोल बांधलेला, हेल्मेट घातलेलं, डबीकडे न बघता एका हाताने जमतंय का, हे घेतानाच दुकानात पाहून घ्या. वस्तू म्हणून मी पाचपैकी चार देईन.

खरी अडचण गेटवर आहे. आमच्याकडे नियम आहे की कर्मचाऱ्याने कोणतंही हत्यार आवारात आणायचं नाही, आणि त्या यादीत पेपर स्प्रेही आहे. बॅगा तपासल्या जातात. सापडला तर जप्त होतो, परत मिळत नाही, वर लेखी खुलासा द्यावा लागतो. गार्डकाका भले माणूस आहेत. ते म्हणाले, "सिस्टर, मी का करू, वरून ऑर्डर आहे. तुम्ही गाडीच्या डिक्कीत ठेवून देत जा न."

डिक्कीत? डबीवर स्पष्ट लिहिलंय की 50 अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये, उन्हापासून दूर ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. आमची पार्किंग उघडी, सेकंड शिफ्टची गाडी दुपारी दोनपासून उन्हात. बंद डिक्कीत 50 सहज ओलांडले जातात. दाबाखाली भरलेली डबी फुटू शकते, नाहीतर हळूहळू गॅस निघून जातो आणि गरजेच्या वेळी नुसता फुसका आवाज येतो. शिवाय गाडी थांबवून, उतरून, सीट उघडून स्प्रे काढेपर्यंत समोरचा थांबणार आहे का?

वॉर्डात स्प्रे नको, हे मला शंभर टक्के मान्य आहे. एसीच्या बंद कॉरिडॉरमध्ये एकदा दाबला तर दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचा जीव धोक्यात येईल. ते मी दुसऱ्या कुणाच्याही आधी सांगेन. पण मला तो वॉर्डात नको, घरी जाताना हवाय. स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला मात्र मर्यादा आहे: मे 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, जिवाला तातडीचा धोका नसताना स्प्रे मारल्याच्या प्रकरणात तो घातक हत्यार ठरू शकतो असं म्हणून गुन्हा रद्द करायला नकार दिला. भांडणात राग आला म्हणून मारायची ही वस्तू नाही, हे घेणारीने पक्कं समजून घ्यावं.

त्याच नियमावलीत आणखी एक ओळ आहे, ती मला जास्त टोचते: कोणत्याही परिस्थितीत नातेवाइकांना हात लावायचा नाही. कॅज्युअल्टीत एका दारू प्यायलेल्या नातेवाइकाने आमच्यातल्या एकीचं मनगट पिरगाळलं. तिने दुसऱ्या हाताने त्याला ढकलून मनगट सोडवलं. मेमो तिला मिळाला. रिसेप्शनवर 2010 च्या कायद्याचा फलक लावलाय, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यावर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम 34 सांगतं की स्वसंरक्षणासाठी केलेली कृती गुन्हा नाही, आणि कलम 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. मनगट सोडवण्यापुरतं ढकलणं यात नक्की बसतं. कायद्याने दिलेला हक्क दवाखान्याच्या नियमावलीने काढून घेऊ नये. तो मेमो मागे घेतला पाहिजे, असं मी मेट्रन मॅडमना तोंडावर सांगितलंय.

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोयही हवी. आमची ड्यूटी कागदावर नऊला संपते, म्हणून गाडी मिळत नाही. मग निदान स्प्रे तरी हातात राहू द्या.

करायचं काय, तेही सोपं आहे. नातेवाइकांची हेल्मेट ठेवायला गेटवर खण आहेत, त्यांना टोकन मिळतं. तसाच एक खण सावलीत आमच्यासाठी ठेवा. येताना स्प्रे जमा, टोकन घ्या, जाताना परत. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या सिस्टरांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. उत्तर येईपर्यंत मी डबी कापडी पिशवीत गुंडाळून समोरच्या मेडिकलवाल्या दादांकडे ठेवते आणि सुटल्यावर घेते. त्यांचं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून हे जमतंय.

नवीन घेणाऱ्यांनी तळाशी छापलेली मुदत आधी बघा आणि ती संपली की नवीन घ्या, कारण आतला दाब कमी झालेला बाहेरून कळत नाही. आणि मारल्यावर निकाल बघत थांबू नका, गाडी काढा आणि 112 लावा.