हरल्यावरचे आभार आणि 50 पैशांचं पोस्टकार्ड

जानेवारी 2021 मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची मुदत सरली, गावागावांत पुन्हा पॅनल बांधायची बोलणी सुरू झाली. उभं राहायचं म्हणणाऱ्या ओळखीच्या बायका मला विचारतात, की पडलो तर लोकांना तोंड कसं दाखवायचं? मी त्या वेळी पडले होते आणि पोस्टाच्या साध्या पोस्टकार्डावर सगळ्यांचे आभार मानले होते. या कामाला त्याच्यासारखी दुसरी सोय मला अजून दिसलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव गुहागर तालुक्यातलं, पंचायत नऊ सदस्यांची. 15 जानेवारीला मतदान झालं, 18 ला निकाल लागला आणि मी 19 मतांनी गेले. माझा मुद्दा एकच होता: वरच्या वाडीत एप्रिल-मे महिन्यात नळाला पाणी येत नाही, बायका सड्यावरून खाली विहिरीवर उतरतात. खर्चाची मर्यादा 25 हजारांची होती, आम्ही तिच्या आसपासही गेलो नाही. जे झालं ते माणसांनी केलं. पलीकडच्या आवाठातल्या काकींच्या पडवीत रोज संध्याकाळी बैठक बसायची आणि त्या कोणी न सांगता कोऱ्या चहाचं पातेलं चुलीवर ठेवायच्या. एका पोराने मतदार यादी घेऊन घरटी फिरून कोण मुंबईला, कोण पुण्याला, कोण वारलं, हे पेन्सिलीने लिहून काढलं. रिक्षावाल्या दादाने म्हाताऱ्या माणसांना शाळेतल्या मतदान केंद्रावर नेऊन परत घरी सोडलं, भाडं घेतलं नाही.

निकालानंतर पोरं म्हणाली, एसटीच्या थांब्यावर ‘जाहीर आभार’ असा फ्लेक्स लावू. मी नको म्हटलं. फ्लेक्सवर कोणाचा तरी फोटो राहतोच, आणि ज्याचा राहतो तो पाच वर्षं विसरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गावच्या ग्रुपवर तर सगळेच असतात, समोरच्या पॅनलचेही. शिवाय काकींकडे फोनच नाही.

पोस्टकार्ड हे 14 बाय 9 सेंटिमीटरचं. एक बाजू पूर्ण मोकळी, पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भागही लिहायला मिळतो. 50 पैशांत ते देशात कुठेही जातं. पण एक नियम नीट समजून घ्या. हा दर हाताने लिहिलेल्या मजकुराला आहे. मजकूर छापून घेतलात तर ते ‘प्रिंटेड पोस्टकार्ड’ होतं आणि त्याचा दर 6 रुपये. मला आधी हा नियम जाचक वाटला होता. लिहायला बसल्यावर त्याचं मोल कळलं. छापलं असतं तर ‘आपण दिलेल्या प्रेमाबद्दल ऋणी आहे’ हेच सगळ्यांना गेलं असतं. हाताने लिहायचं म्हटल्यावर प्रत्येक कार्डाशी थांबावं लागलं: या माणसाने माझ्यासाठी नेमकं काय केलं? काकींना लिहिलं, ‘तुमच्या चहामुळे माणसं बसली, बसली म्हणून बोलली.’ यादीवाल्या पोराला लिहिलं, की ती यादी जपून ठेव, पाण्याच्या अर्जावर सह्या घ्यायला तीच लागणार आहे. तशी ती पुढे लागलीही.

खरी कसोटी मुंबईची होती. आमची निम्मी वाडी नालासोपारा, विरार, दिव्याला. त्यांतले कितीतरी चाकरमानी गाडी करून, रजा टाकून मतदानाला आले होते. त्यांच्या पत्त्यावर खोली नंबर, चाळीचं नाव आणि जवळची खूण एवढं तरी हवंच, आणि पिनकोड तर हवाच हवा. ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासूनची. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा 4 हा देशातल्या आपल्या पट्ट्याचा, पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या छाटणीचा जिल्हा. आमच्या गुहागरचा 415703. जी मोजकी कार्डं परत आली ती चाळ पाडून बिल्डिंग झालेल्या पत्त्यांची होती, बाकीची पोचली. शिमग्याला पालखीबरोबर नाचायला आलेल्यांनी स्वतःहून विषय काढला. एका दादाच्या आईने कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं होतं, असं त्याने सांगितलं.

आता पोस्टकार्ड कुठे वापरू नये तेही सांगते, कारण याच्याबद्दल कोणी बोलत नाही. पोस्टकार्ड उघडं असतं. घरातला जो हातात घेईल तो वाचतो. ज्याने उघड काम केलं त्याला हे चांगलंच, सगळ्या घराला कळतं की आपल्या माणसाची कदर झाली. पण गावात अशीही माणसं असतात ज्यांचं घर समोरच्या पॅनलबरोबर आणि मन आपल्याबरोबर. एक वहिनी रात्री मागच्या दाराने येऊन मला सांगून गेली होती की आमच्यातल्या कोणत्या बायकांशी बोल. तिच्या घरी माझं उघडं कार्ड गेलं असतं तर तिचं जगणं कठीण झालं असतं. मत गुप्त असतं, तसे काही आभारही गुप्तच राहिले पाहिजेत. अशांना अडीच रुपयांचं निळं आंतरदेशीय पत्र, तेही मुंबईच्या किंवा माहेरच्या पत्त्यावर. जिथे तीही जोखीम वाटली तिथे मी काहीच पाठवलं नाही. पाणवठ्यावर भेट झाली तेव्हा तिचा हात धरून सांगितलं.

बाकी गोष्टी किरकोळ. साधं बॉलपेन वापरा. गावच्या शाखा डाकघरात गठ्ठाभर कार्डं हवी असतील तर पोस्टमास्तरांना आधी सांगून ठेवा, ते तालुक्याहून मागवून देतात. निकालानंतर पहिल्या आठवड्यातच लिहायला बसा, तेव्हा कोणी काय केलं ते सगळं ताजं असतं. आणि निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, हरलेल्यांनाही. तो आधी तहसील कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या, मग निवांत पत्रं लिहा.