ऑर्व्हिएतो: दुओमोच्या आधी विहिरीत उतरा

रोमहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा डोंगरमाथ्यावरच्या गावांमध्ये इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं ऑर्व्हिएतो सगळ्यांत सोयीचं. या सोयीमुळेच बरेच जण ते उलट्या क्रमाने बघतात. फ्युनिक्युलरमधून, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेतून, उतरले की समोरच्या मिनीबसमध्ये बसायचं, थेट दुओमोसमोर, म्हणजे इथल्या कॅथेड्रलसमोर, उतरायचं, फोटो, पास्ता आणि परतीची गाडी. पण हे गाव समजतं ते खडकाच्या पोटात. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला टफ नावाचा मऊ दगड, त्याखाली चिकणमाती आणि माथ्यावर पाण्याची वानवा. इथल्या निम्म्याअधिक गोष्टींची मुळं या तीन बाबींत आहेत.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा तास लागतो. फ्लोरेन्सहून दोन तासांहून थोडं जास्त. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. ऑनलाइन तिकिटाचं चेक-इन करावं लागतं का, तेही बघून घ्या. हे विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. स्टेशन पायथ्याला आहे आणि फ्युनिक्युलर स्टेशनच्या अगदी समोर, पण तिचं तिकीट वेगळं. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्याची टाकी भरायची, तो खाली उतरताना दुसऱ्याला वर ओढायचा. १९७० मध्ये ती बंद पडली, १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. चढण दोनेक मिनिटांची.

वर पोहोचल्यावर मिनीबस सोडून द्या. पोत्झो दि सान पात्रित्सिओ ही विहीर स्थानकाच्या कुशीतच आहे आणि सकाळी उघडताक्षणी ती जवळपास रिकामी मिळते. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. गावाला वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने धाकटा आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून ही विहीर खोदायला घेतली. ती पूर्ण झाली १५३७ मध्ये, क्लेमेंट वारल्यावर. खोली ५३ मीटर, व्यास १३ मीटर.

खरी करामत जिन्यांची आहे. २४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांभोवती पिळलेले आहेत, पण कुठेच एकमेकांना छेदत नाहीत. पाणी आणणारी खेचरं एका दाराने उतरत, तळाच्या पुलावरून पलीकडे जात आणि पखाली घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडत. समोरासमोर येऊन अडायचा प्रश्नच नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, त्या खेचरांच्या पावलांसाठी. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल: बारवेत पायऱ्या पाण्यासमोर उघड्या असतात, इथे त्या भिंतीच्या आत आहेत आणि आतल्या खिडक्यांमधून वरचा उजेड मिळतो. उतरताना भिंतीकडे लक्ष ठेवा. वर टफ नुसता कोरलेला आहे. खाली माती लागल्यावर विटांचं बांधकाम सुरू होतं, कारण कोरलेली माती उभी राहत नाही.

लिफ्ट नाही. उतरताना फसगत होते, कारण पायऱ्या सोप्या वाटतात. परतताना साठाव्या-सत्तराव्या पायरीवर गुडघे बोलू लागतात. तळाशी गारवा आणि ओल असते, म्हणून घामेजल्या अंगाने लगेच थांबू नका. गुडघ्यांचं दुखणं किंवा दम्याचा त्रास असेल तर वरूनच डोकावा.

तिथून कोर्सो काव्हूर या रस्त्याने पायी वीसेक मिनिटांत दुओमो चौक येतो, आणि ऑर्व्हिएतो अंडरग्राउंडची, म्हणजे खडकातल्या गुहांची, फेरी तिथूनच निघते. ती फक्त गाईडसोबत होते, साधारण तासाभराची. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून आधी तिकीट काढा आणि मग कॉफी प्या. खडकात बाराशेच्या आसपास गुहा नोंदलेल्या आहेत. फेरीत मोजक्याच दिसतात, पण निवड चांगली आहे. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या उभ्या चौकोनी विहिरी, त्यांच्या भिंतींत पाय रोवायच्या खाचा. तेलाची घाणी. आणि सगळ्यांत बोलका भाग म्हणजे कबुतरखाने: भिंतीभर ओळीने कोरलेले कोनाडे आणि कड्याच्या बाजूला खिडकी. पाखरं बाहेर चरून घरट्यात परततात, माणसाला दाणा टाकावा लागत नाही. वेढ्यातल्या गावाला याहून स्वस्त अन्न कुठलं? पालोंबा, म्हणजे रानकबुतर, आजही इथल्या मेन्यूवर असतं. काही वाटा एकाच माणसापुरत्या अरुंद आहेत. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी टाळावं. जाकीट हवंच, ऐन जुलैतसुद्धा.

जेवण दोनच्या आत उरका, तीननंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद. उंब्रिकेल्ली हा इथला हाताने वळलेला जाड पास्ता. शाकाहारी असाल तर ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीचा, मागा. आमात्रिचाना सॉस टोमॅटोचा दिसला तरी त्यात डुकराच्या गालाचं मांस असतं. पेकोरिनो चीजमध्ये बहुधा प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा जठरातला पदार्थ असतो, कडक शाकाहारींनी तेही वगळायला सांगावं. पाव अळणी लागेल. तो तसाच करतात. बिलातला ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे.

दुओमो दुपारीच का? दर्शनी भिंत पश्चिमेकडे आहे, उतरत्या उन्हात मोझेइक पेटतात. सकाळी ती सावलीत असते. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं, दर्शनी भागावर वास्तुकार-शिल्पकार लोरेन्झो माइतानीची छाप. आत सान ब्रित्सिओ प्रार्थनालय: फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये भित्तिचित्रांचं काम सुरू केलं, लूका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ दरम्यान पुरं केलं. चित्रात ख्रिस्तविरोधकाच्या (अँटिख्रिस्टच्या) कानाशी लागलेला सैतान शोधा. नुसत्या या प्रार्थनालयाला अर्धा तास द्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी मास (प्रार्थनाविधी) असतो, पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश.

कॉर्पस ख्रिस्ती, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा सण, पोप चौथ्या अर्बनने १२६४ मध्ये इथूनच जाहीर केला. त्या दिवशी मध्ययुगीन वेशातली मोठी मिरवणूक निघते. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी पालोंबेल्ला: तारेवरून कबूतर दुओमोकडे सोडायची प्रथा, जिला प्राणिप्रेमींचा विरोध आहे. दोन्ही दिवशी गाव बघण्यासारखं असतं, विहीर-गुहा मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

कार्ता ऊनिका हे एकत्रित तिकीट विहीर, गुहा, दुओमो आणि तोर्रे देल मोरो हा मनोरा अशी चारेक ठिकाणं करणार असाल तरच परवडतं. दोनच करायची तर सुटी तिकिटं घ्या. मनोरा ४७ मीटरचा. विहिरीनंतर पायांत जीव उरला असेल तरच.