सॉव्हिन्यॉन ब्लाँ की शेनिन ब्लाँ?

नाशिकच्या पांढऱ्या वाईनमध्ये ही दोन नावे नेहमी शेजारी दिसतात आणि फ्रान्समधील ल्वार खोऱ्याशी दोन्ही द्राक्षवाणांचे जुने नाते आहे. स्वभाव मात्र वेगळे. सॉव्हिन्यॉनचा पेला नाकाशी नेताच नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो. तो पायराझीन द्रव्यांमुळे येतो आणि घड उन्हात अधिक पिकले की ओसरतो, म्हणून गंगापूर धरणाच्या परिसरात खुडणीचा दिवस अचूक साधावा लागतो. शेनिन त्या मानाने सोशिक आहे: उष्ण हवेतही तिचा आंबटपणा बऱ्यापैकी टिकतो आणि तिच्यापासून कोरडी, निमगोड, अगदी फसफसणारी वाईनही होते. मिसळीसोबत (हसू नये) मी निमगोड शेनिनच निवडेन, कारण तर्रीच्या तिखटापुढे कोरडी सॉव्हिन्यॉन अधिकच बोचते.