गेटवर नाव कंपनीचं, पीएफ मात्र आण्णाच्या खिशात

गावाकडं कुणी विचारलं की मी कंपनीचं नाव सांगायचो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली मोठी कंपनी, गेटवर सिक्युरिटी, आत कॅन्टीन, परमनंट लोकांच्या दिवाळी बोनसची चर्चा पार तासगावपर्यंत. आमच्याकडं असा बोर्ड बघून मुलगी देतात. मलाही दिली. पण गेटपासवर त्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात ठेकेदाराचं नाव होतं. माझा मालक तो, कंपनी नव्हे, हे कळायला मला तीन वर्षं आणि नव्वद हजार रुपये लागले.

मी आयटीआय फिटर. महापुराच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ ला लागलो. ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे एक शटर, आत एक टेबल, एक क्लार्क आणि हार घातलेला गणपतीचा फोटो. ठेकेदाराला सगळे आण्णा म्हणायचे. बोलायला गोड माणूस. क्लार्कनं आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, दोन फोटो घेतले आणि पाच-सहा कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. मोबाइल नंबर तेवढा विचारला नाही. मला वाटलं, बरं झालं, काम लवकर उरकलं.

कामाबद्दल फार सांगत नाही. मशीन तेच, शिफ्ट तीच. परमनंटचा शर्ट निळा, आमचा करडा. सात महिने झाले की आठ-दहा दिवसांचा ब्रेक, म्हणजे परमनंटचा हक्क सांगता येईल असे सलग २४० दिवस भरायला नकोत. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे गप्प असतात. मीही होतो.

फसवणूक होती ती पगाराच्या चिठ्ठीत. बेसिक आणि डीए मिळून १३,५००. त्यातून पीएफ ३,२४०, ईएसआय म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा १०२, व्यवसाय कर २००. हातात ९,९५८. ओव्हरटाइम वेगळा, तो रोख. मी विचारलं, 'आण्णा, पीएफ बारा टक्के असतो ना? मग १,६२० व्हायला पाहिजेत.' तो हसला. 'अरे, तुझे बारा, मालकाचे बारा. दोन्ही तुझ्याच खात्यात पडतात की! म्हातारपणी आण्णाची आठवण काढशील.' मी मान डोलावली. मालकाचे बारा टक्के मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, कामगाराच्या पगारातून ते कापताच येत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि चिठ्ठीवर छापलेल्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो. तोंडी सांगितलं असतं तर कदाचित शंका आली असती.

एकदा कॅन्टीनमध्ये एकानं सांगितलं, पीएफच्या नंबरवर मिस्ड कॉल दे, पीएफची शिल्लक मेसेजवर येते. दिला. काही आलं नाही. 'सर्व्हर डाउन असंल,' म्हणून सोडून दिलं. नोंदवलेल्या नंबरवरून फोन केला तरच मेसेज येतो, आणि माझ्या खात्याला नोंदवलेला नंबर होता त्या क्लार्कचा.

जानेवारी २०२३ मध्ये आईला मिरजेत दाखवलं. अँजिओप्लास्टी करावी लागेल म्हणाले. ईएसआयचं कार्ड तीन वर्षं 'प्रोसेसमध्ये' होतं, त्यामुळं तो रस्ता बंद. मग पीएफमधून आजारपणाचा अ‍ॅडव्हान्स काढावा म्हणून विश्रामबागला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका पोराकडं गेलो. त्यानं आधारच्या ओटीपीवरून पासवर्ड बदलला, माझा नंबर टाकला आणि पासबुक उघडलं.

नोव्हेंबर २०१९ ते ऑगस्ट २०२०. दहा महिने. पुढं कोरं.

पोरगं हुशार होतं. ते म्हणालं, 'दादा, यातले मार्चपासूनचे सहा महिने लॉकडाउनचे आहेत. शंभरपर्यंत माणसं असलेल्या आणि त्यातल्या बहुतेकांचा पगार पंधरा हजारांच्या आत असलेल्या आस्थापनांचे दोन्हीकडचे, म्हणजे २४ टक्के, तेव्हा केंद्र सरकारनं भरले होते.' म्हणजे सरकारनं भरलं तेव्हा खातं भरलं, सरकार थांबलं तसं खातंही थांबलं. आणि त्या सहा महिन्यांत जो काही तुटपुंजा पगार आला, त्यातूनही आण्णानं कटिंग केलंच होतं. बाकीच्या २८ महिन्यांचे ३,२४० प्रमाणे ९०,७२० रुपये. आईच्या ऑपरेशनला मेव्हण्याकडून उसने घेतले.

मी शटरवर गेलो. आण्णानं आवाज चढवला नाही. क्लार्ककडून फाइल काढून पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, दाखवली. शिक्का, रक्कम, तारीख सगळं बरोबर. 'पोर्टलला उशिरा दिसतं रे.' मी परत त्या पोराकडं. त्यानं पीएफच्या वेबसाइटवर ठेकेदाराच्या फर्मचं नाव शोधलं. तिथं कुठल्याही आस्थापनेनं कुठल्या महिन्याचे किती पैसे भरले आणि किती कामगारांचे भरले, हे लॉगिन न करता दिसतं. मी त्या रात्री हेच बघत बसलो होतो. २०२० च्या उन्हाळ्यात ६४ कामगार. सप्टेंबरपासून ११. चलन खरं होतं, पण त्या अकरा जणांचं. नावांची यादीही उघडते. त्यात क्लार्क होता आणि आण्णाचा भाचा. रोज गेटमधून आत जाणारे आम्ही त्रेपन्न जण कागदावर नव्हतोच.

हे बघायला पाच मिनिटं लागतात. ज्या महिन्याचा पगार, त्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून आता मी ओळखीच्या प्रत्येक ठेक्यावरच्या पोराला सोळा तारखेला फोन करतो. पोरं वैतागतात.

कंपनीच्या एचआर साहेबांनी आधी हात वर केले. 'तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही.' हे वाक्य पोटात लागलं, पण त्याचा उपयोग झाला, कारण मग मी वाचायला लागलो. पीएफच्या १९५२ च्या योजनेत स्पष्ट होतं की ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांचा पीएफ भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवरही येते. पण सिद्ध काय करायचं? मी त्याच गेटमध्ये काम करत होतो हे. माझ्याकडं २२ चिठ्ठ्या होत्या, बाकीच्या आईनं रद्दीत घातल्या. गेटपास तर दर ब्रेकला परत घेत. एका मित्रानं टाइमपास म्हणून गेटपासचे फोटो काढून ठेवलेले, तेच कामाला आले. त्रेपन्नपैकी सह्या करायला तयार झाले १९. बाकीच्यांना भीती होती आणि ती खोटी नव्हती, कारण फेब्रुवारीत माझा गेटपास बंद झाला.

आम्ही पीएफच्या तक्रार पोर्टलवर प्रत्येकानं वेगळी तक्रार टाकली आणि कोल्हापूरच्या ऑफिसात कागद दिले. पीएफ कायद्याच्या कलम ७-अ खाली, म्हणजे किती पैसे थकवले ते ठरवायची, चौकशी लागली. कंपनीनं ठेकेदाराचं बिल अडवलं, तेव्हा कुठं सात महिन्यांचे पैसे खात्यात आले. बाकीचं चालू आहे. आण्णानं मध्यंतरी बायकोच्या नावानं नवीन फर्म काढली. शटर तेच, गणपती तोच.

मागच्या तारखेला आम्ही चौघे सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला गेलो. आण्णा आला नाही. वकिलानं सांगितलं, प्रकृती बरी नाही, अंथरुणाला खिळलेत. पुढची तारीख पडली. संध्याकाळी कुपवाडला उतरलो, तर आण्णा टपरीवर उभा राहून चहा पीत होता. मला बघून बशी खाली ठेवली आणि म्हणाला, 'काय पाव्हणं, कोल्हापूरवरनं आला वाटतं? चहा घेणार?'